नगरसेवक नसलेलेच बरे, असं म्हणणारी मी

नगरसेवक नसलेलेच बरे, हे मत मी कधी लपवून ठेवलं नाही. सोसायटीच्या सभेत, भिशीला, लोकलच्या महिला डब्यात, जिथे विषय निघेल तिथे मी ते ठासून मांडलं. 2020 मध्ये आमच्या नगरपरिषदेची मुदत संपली आणि कारभार प्रशासकाच्या हाती गेला, तेव्हा मला मनापासून बरं वाटलं होतं. आज ते मत माझं राहिलेलं नाही. कोणी वादात हरवलं म्हणून ते बदललं असंही नाही. ते हळूहळू झिजत गेलं, आणि 2025 च्या दसरा-दिवाळीच्या धामधुमीत त्यातलं काही उरलं नाही.

आधीच्या मताची बाजू आधी सांगते, कारण ती पोकळ नव्हती. मुंबईपलीकडच्या उपनगरांत राहणाऱ्या कोणालाही नगरसेवक म्हटल्यावर काय आठवतं? चौकाचौकात वाढदिवसाचे फलक, त्यावर गॉगल लावलेला चेहरा आणि खाली शुभेच्छुकांच्या फोटोंची रांग. धडधाकट पेव्हर ब्लॉक उखडून त्याच जागी पुन्हा बसवलेले. गटाराचं काम कोणाच्या मेहुण्याकडे गेलं याच्या दबक्या आवाजातल्या चर्चा. सर्वसाधारण सभेत माइक ओढल्याच्या बातम्या. मी आयुष्यभर बँकेत नोकरी केली. कागद नीट असावा, सही जागच्या जागी असावी, रांग कोणी मोडू नये, हे माझ्या अंगात भिनलेलं. प्रशासक मला माझ्याच जातकुळीचा वाटायचा.

निवडणूक का होत नाही, याची कारणंही मला तोंडपाठ होती. आधी करोना. मग 4 मार्च 2021 चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल: स्थानिक संस्थांत इतर मागासवर्गीयांना आरक्षण द्यायचं तर आयोग नेमा, आकडेवारी गोळा करा, एकूण आरक्षण पन्नास टक्क्यांपुढे नेऊ नका. मग त्यासाठी नेमलेला बांठिया आयोग. मग प्रभाग कोणी रचायचे, सरकारने की निवडणूक आयोगाने, हा वाद. मग राज्यातलं सरकारच बदललं, आणि पुढे न्यायालयाचा ‘जैसे थे’ आदेश. अंबरनाथ आणि कुळगाव-बदलापूर नगरपरिषदांची आधीची निवडणूक एप्रिल 2015 मधली. नवी मुंबई, वसई-विरार, कल्याण-डोंबिवली या महापालिकांची मुदत 2020 मध्येच संपली, मुंबई-पुण्याची मार्च 2022 मध्ये. नगरपालिकांची मुदत पाच वर्षं, त्याहून जास्त नाही, आणि ती संपायच्या आत नवी निवडणूक पार पडली पाहिजे, असं संविधानाचा 243-यू हा अनुच्छेद सांगतो. तो मला ठाऊक होता. कचऱ्याची गाडी वेळेवर येते ना, मग कलमाचं काय एवढं, असं मी म्हणायचे.

आणि गाडी येत होती. घरपट्टी मोबाइलवरून भरता येत होती. सोसायटीच्या पाण्याच्या जोडणीचं काम अडलं, तेव्हा मी दीड पानाचा अर्ज लिहिला, जुन्या पावत्या जोडल्या, पोच घेतली, आठवण करणारं पत्र दिलं आणि काम झालं. कोणाच्या पाया पडावं लागलं नाही. यापेक्षा चांगला कारभार कोणता, असं मला वाटे.

पहिली शंका कागदावरूनच आली. एकदा प्रशासकीय ठरावाची प्रत हाती पडली. नगरपरिषदेत सभागृह नसलं की त्याचे सगळे अधिकार प्रशासकाकडे जातात, आणि अनेक ठिकाणी मुख्याधिकारी हाच प्रशासक असतो. म्हणजे मुख्याधिकारी म्हणून तो प्रस्ताव ठेवतो आणि प्रशासक म्हणून त्याला मंजुरी देतो. यात बेकायदा काही नाही. पण बँकेत आम्हाला पहिल्या दिवसापासून शिकवलेलं असतं की नोंद करणारा एक आणि ती मंजूर करणारा दुसरा. व्हाउचर दोनशे रुपयांचं असलं तरी दोन माणसं लागतात. इथे गावाचा अख्खा अर्थसंकल्प एकाच माणसाच्या दोन सह्यांवर मंजूर होत होता. पूर्वी फेब्रुवारीत अर्थसंकल्पाची सभा व्हायची, तिथे आरडाओरडा व्हायचा, आणि त्या आरडाओरड्यातूनच कोणत्या रस्त्याला किती आणि कोणाच्या दारासमोर किती हे स्थानिक साप्ताहिकांना कळायचं. आता पत्रक यायचं. पत्रकात भांडण नसतं, म्हणून मी ते आवडीने वाचत होते. पण पत्रकात प्रश्नही नसतात, हे माझ्या लक्षात यायला वेळ लागला.

तरीही ही शंका पुस्तकी होती. तिने मत हललं, बदललं नाही. बदललं ते आमच्याकडे पोळ्या करायला येणाऱ्या मावशींमुळे.

मावशी नाल्याकाठच्या बैठ्या चाळीत भाड्याने राहतात. भाडेकरार नाही, वीजबिल मालकाच्या नावावर. आधारवरचा पत्ता बदलायचा होता. अशा वेळी ठरलेल्या नमुन्यावर आमदार, खासदार, नगरसेवक, राजपत्रित अधिकारी, तहसीलदार यांच्यापैकी कोणाची सही असली तर ती चालते. पूर्वी त्यांच्या वॉर्डातला नगरसेवक संध्याकाळी ऑफिसात बसायचा. मावशी काम आटोपून जाता जाता सही घेऊन यायच्या. आता तो ‘माजी’ होता, शिक्का उपयोगाचा नव्हता. उरलं आमदारांचं कार्यालय, तिथली गर्दी, आणि त्या दिवशी बुडणारी चार घरची कामं. चाळीतल्या सार्वजनिक संडासाचं दार निखळलेलं होतं, तेही तसंच राहिलं होतं. मी नेहमीच्या आत्मविश्वासाने म्हणाले, “मावशी, प्रशासकांच्या नावाने अर्ज करा. मी लिहून देते.”

त्या कणीक मळता मळता म्हणाल्या, “काकू, साहेबाला माझं मत लागतंय का? नगरसेवकाला लागायचं.”

मी यावर बरंच काही बोलू शकले असते. अधिकाऱ्याला मत लागत नाही म्हणूनच तो निःपक्षपाती असतो, हे माझं ठेवणीतलं वाक्य होतं. पण ते ओठांवर येईना. कारण त्यांनी माझ्या आवडत्या कारभाराचा नेमका हिशेब मांडला होता. प्रशासक मला परवडत होता, कारण माझ्याकडे दीड पानाचा अर्ज होता, पावत्यांची फाइल होती, सकाळी अकरा वाजता कार्यालयात जाऊन उभं राहायला निवृत्तीचा वेळ होता. मावशींकडे यातलं काहीच नव्हतं. त्यांच्याकडे एक मत होतं, आणि ते वापरायचा दिवसच कॅलेंडरमधून काढून टाकलेला होता. नियमाने चालणाऱ्या माणसाचं मला कौतुक होतं. पण नियमापर्यंत पोहोचायला जे लागतं ते माझ्या घरात होतं, चाळीत नव्हतं.

6 मे 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयाने निवडणुका घेण्याचे आदेश दिले आणि गाव जागं झालं. 6 ऑक्टोबरला कोजागरी होती. त्याच दिवशी मंत्रालयात नगराध्यक्षपदांच्या आरक्षणाची सोडत निघाली, आणि रात्री आमच्या गच्चीवर चंद्राकडे कोणाचं लक्ष नव्हतं. आटीव दुधाचे पेले हातात धरून सगळे कोणतं पद कोणाला सुटलं यावर बोलत होते. दोन दिवसांनी प्रभागांची सोडत होती. मी मुद्दाम पाहायला गेले. शाळकरी मुलं चिठ्ठ्या काढत होती, खाली इच्छुकांचे चेहरे दर चिठ्ठीला उजळत नाहीतर विझत होते. निम्म्या जागा बायकांच्या. एक गृहस्थ, ज्यांचे ‘भावी नगरसेवक’ म्हणून फलक गणपतीपासून झळकत होते, ते जागा महिलांसाठी राखीव निघताच फोन कानाला लावून बाहेर पडले. आठवड्याभरात त्याच फलकांवर त्यांच्या शेजारी पत्नीचा फोटो आला.

दिवाळीत घरोघरी उटण्याची पाकिटं आली, प्रत्येकावर वेगळा चेहरा. दिवाळी पहाटेला प्रायोजक मिळाला, मुलांच्या किल्ल्यांच्या स्पर्धेला बक्षिसं मिळाली. मी पूर्वीसारखंच नाक मुरडलं. पण मावशी सांगत होत्या की चाळीत वही घेऊन माणसं येताहेत. कोणाला काय अडचण आहे ते लिहून घेताहेत. प्रशासकाच्या काळात तिथे वही घेऊन कोणी आलं नव्हतं. 4 नोव्हेंबरला निवडणूक जाहीर होऊन आचारसंहिता लागली, त्याच्या आतच एका इच्छुकाने पदरमोड करून संडासाचं दार बसवून दिलं. हे मतासाठी होतं, यात शंका नाही. पूर्वी मी याला लाच म्हटलं असतं आणि विषय संपवला असता. आजही अशा दाराने लोकशाही सुधारते असं मी म्हणणार नाही. पण ज्या बाईच्या दाराशी मतासाठीच कोणीतरी येतं, तिच्या मताचा दिवस कायमचा पुढे ढकलत राहणं यापेक्षा मोठा अन्याय आहे, एवढं मला दिसलं.

मतदार याद्यांच्या वेळीही असंच झालं. 1 जुलै 2025 ची विधानसभेची यादी प्रभागांत तोडली गेली, त्यात आमच्या इमारतीतली काही नावं रस्त्यापलीकडच्या प्रभागात गेली. ‘दुबार’ वाटणाऱ्या नावांपुढे दोन तारे लागले. मी अर्थातच हरकत लिहून दिली. चाळीच्या हरकती मात्र इच्छुकांच्या पोरांनी गोळा करून नेल्या. मला जे काम माझ्या शिक्षणाने मिळतं, ते त्यांना राजकारणाने मिळतं. दुसरा रस्ता त्यांना आपण ठेवलेलाच नाही.

मत बदललं म्हणजे डोळे मिटले असं समजू नये. प्रभागांची लोकसंख्या 2011 च्या जनगणनेची धरली होती. बदलापुरात तेव्हा सुमारे पावणेदोन लाख माणसं होती. त्यानंतर जे टॉवर उभे राहिले, त्यांतली माणसं या हिशेबात नाहीतच. नगरपरिषदांत प्रभागाला साधारण दोन सदस्य, त्यामुळे काम अडलं की एक दुसऱ्याकडे बोट दाखवायला मोकळा. धुळे जिल्ह्यातल्या दोंडाईचात नगराध्यक्षासह सगळे बिनविरोध निवडून आले. तिथल्या मावशींच्या मताला विचारायला कोणी आलंच नसणार. 2 डिसेंबरच्या मतदानाची मोजणी 21 डिसेंबरवर गेली. आणि निकालानंतर जानेवारी उजाडताच अंबरनाथमध्ये भाजप आणि काँग्रेसच्या नगरसेवकांनी एकत्र मोट बांधली. काँग्रेसने आपल्या नगरसेवकांना निलंबित केलं, तर ते थेट भाजपमध्येच गेले. भिशीतल्या मैत्रिणींनी त्या बातम्या मला आवर्जून पाठवल्या. “बघ, हेच हवं होतं ना तुला?”

हो, हेच. कारण हे मला कळलं. कोण कोणाबरोबर गेलं, कोणी कोणाला फसवलं, ते चव्हाट्यावर आलं, त्यावर आम्ही भांडलो, आणि पाच वर्षांनी त्याचा हिशेब मागायची तारीख ठरलेली आहे. एकाच माणसाच्या दोन सह्यांमध्ये काय घडलं ते मला कधीच कळलं नव्हतं, आणि त्याचा जाब मागायचा दिवसही कुठे लिहिलेला नव्हता. प्रशासक वाईट होते असं मी आजही म्हणणार नाही, काही तर उत्तम होते. पण त्यांची बदली होते. नाल्याला पूर्वी कुठे वळण होतं, पाणी आधी कोणाच्या घरात शिरतं, हे नव्या साहेबाला पुन्हा पहिल्यापासून सांगावं लागतं. नगरसेवक त्याच पाण्यातून घरी जातो.

आमच्या प्रभागातून निवडून आलेल्या दोघांपैकी एकालाही मी मत दिलेलं नव्हतं. त्यांचे फलक मला अजून खुपतात. सर्वसाधारण सभा असेल तेव्हा प्रेक्षकांत जाऊन बसायचं मी ठरवलं आहे, कारण अर्ज लिहिण्याचं माझं कसब तिथे प्रश्न लिहायला कामी येईल. पुढच्या वेळी कोणतंही सरकार कितीही सबळ कारण पुढे करून निवडणूक लांबवायला निघालं, तर मी त्याच्या विरोधात असेन. प्रशासक कितीही कार्यक्षम असला तरी. मला काही अडत नाही म्हणून गावाला नगरसेवक नको, हे म्हणायचा अधिकार मला कोणी दिला होता, असं आता वाटतं. मावशींना विचारलं असतं तर त्यांनी 2020 मध्येच सांगितलं असतं.