जिवंत गर्भाचें दर्शन

गर्भोपनिषदांत गर्भाच्या वाढीचा क्रम दिला आहे : एका रात्रीचा तो कलल, सात रात्रींचा बुद्बुद, पंधरवड्याचा पिंड. बाळपणीं गुरुजींपाशीं हा क्रम मीं पाठ केला, आणि त्याविषयींचा आदर अजून तसाच आहे. परंतु आम्हां तुर्भेकरांच्या बैठकींत सूक्ष्मदर्शकाची गोष्ट निघाली, कीं कोणीतरी म्हणतोच, "हें सारें ऋषींनीं दिव्यदृष्टीनें पूर्वींच पाहिलें होतें." मला हें मानवत नाहीं. कलल म्हणजे बुळबुळीत गोळा, बुद्बुद म्हणजे बुडबुडा. हे शब्द उपमेचे आहेत. पेशी कशी दुभंगते, कोठून निघून कोठें जाते, हें त्यांत नाहीं. आणि नाहीं म्हणून उपनिषदास कांहीं कमीपणा येत नाहीं. त्याचा विषयच निराळा. ज्यांनीं डोळे शिणवून तें पाहिलें, त्यांच्या श्रमांचें श्रेय मात्र असल्या बोलण्यानें हिरावलें जातें.

पेशी पाहावयाची तर पूर्वीं ती बहुधा आधीं मारावी लागे. शरीराचा लहानसा तुकडा फॉर्मॅलिनमध्यें मुरवावयाचा, मेणांत बसवावयाचा, केसाहून पातळ असे त्याचे काप काढावयाचे आणि त्यांस रंग द्यावयाचा. अशाच कांचपट्ट्यांवर डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनीं परळच्या टाटा स्मारक रुग्णालयांत कर्करोगाचा अभ्यास केला. १९५२ मध्यें परळास निघालेल्या कर्करोग-संशोधन-केंद्राचे ते पहिले संचालक. त्या संस्थेचा वारसा २००२ पासून आमच्या जवळच, खारघरास, चालला आहे. कांचपट्टीवरून रोगाचें निदान आजही होतें. मात्र मेलेली पेशी कोठें निघाली होती, हें सांगत नाहीं.

हा अडसर दूर झाला तो एका समुद्रप्राण्यामुळें. ओसामु शिमोमुरा यांस जेलीफिशमध्यें हिरवें चमकणारें प्रथिन सांपडलें. तें त्यांनीं १९६२ मध्यें प्रसिद्ध केलें. १९९४ मध्यें मार्टिन चॅल्फी यांनीं तें एका सूक्ष्म कृमीच्या जिवंत पेशींत उजळून दाखविलें. रॉजर चेन यांच्यासह या दोघांस २००८ चें नोबेल पारितोषिक मिळालें. त्या प्रथिनाचें जनुक पेशींत घातलें, कीं पेशी स्वतःच दिवा होते.

तरी प्रकाशही निरुपद्रवी नव्हे. तीव्र किरणांनीं पेशीस इजा होते, चमकही विटते. म्हणून २००४ मध्यें हायडेलबर्गच्या शास्त्रज्ञांनीं बाजूनें प्रकाशाचा पातळ पडदा सोडून गर्भाचा पाहावयाचा तेवढाच थर उजळण्याची युक्ति योजिली. ज्यास पाहावयाचें त्यास इजा होऊं नये, ही काळजी मला कोणत्याही दिव्यदृष्टीइतकीच वंद्य वाटते.

माझ्या नातीनें मला अशा रीतीनें घेतलेलें झेब्राफिशच्या गर्भाचें चलच्चित्र दाखविलें. ही पट्टेरी मासोळी मूळची आपल्याच देशांतील नद्यांची. फ्रान्सिस हॅमिल्टन यांनीं १८२२ मध्यें तिचें वर्णन केलें. आज कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेंतही तिच्यावर काम चालतें. तिचा गर्भ कांचेसारखा पारदर्शक असतो. चित्रांत पेशींच्या रांगाच्या रांगा, वारकऱ्यांच्या दिंड्या निघाव्या तशा, आपापल्या वाटेनें सरकत होत्या. फलनानंतर सुमारें २४ तासांनीं हृदय चालूं लागतें. त्यास तेव्हां कप्पे पडलेले नसतात. तें म्हणजे एक साधी नळी असते, आणि ती धडधडत असते.