विमानातलं घर

निवृत्त विमानाचं पुढे काय होतं, हा प्रश्न आपल्याला सहसा पडत नाही. कामाचे भाग काढून घेतात आणि उरलेला सांगाडा भंगारात जातो. ब्रूस कॅम्पबेल या अमेरिकन विद्युत अभियंत्याला हे काही पटेना. वारा-पाऊस सोसणारी इतकी मजबूत वस्तू तोडायची कशाला? त्यात राहता येईल की!

1999 मध्ये त्यांनी ग्रीसच्या ऑलिम्पिक एअरवेजचं बोइंग 727 सुमारे 1 लाख डॉलरला विकत घेतलं. ते आणणं, पंख काढून पुन्हा जोडणं, राहण्याजोगं करणं, असं सगळं धरून खर्च 2 लाख 20 हजारांच्या घरात गेला. ओरेगन राज्यात हिल्सबरोजवळ 10 एकर झाडी त्यांनी तरुणपणीच घेऊन ठेवली होती. तिथेच विमान उभं राहिलं. त्यांच्याआधी मिसिसिपीतल्या एका बाईंनी हा उद्योग केला होता. बर्फाच्या वादळात त्यांचं घर गेलं, तेव्हा त्यांनी जुनं 727 घेऊन त्यात संसार थाटला. म्हणजे कॅम्पबेल यांच्याआधी ही वाट चालली होती ती एक बेघर झालेली बाई.

माझी धाकटी बहीण हिल्सबरोला राहते. काही वर्षांपूर्वी शाळेच्या सुट्टीत अम्मीला घेऊन मी तिच्याकडे गेले होते, तेव्हा हे घर पाहिलं. उंच झाडांमधून वळण घेतलं की एकदम विमानाचं नाक समोर येतं. मला जरा दचकायलाच झालं. आत जायचं ते शेपटाखालच्या जिन्याने. वर गेल्यावर बूट काढायचे, अशी तिथली रीत. अम्मी खूश झाली. "बराबर है. घर है ना, चप्पल बाहरच."

आत थाटमाट काही नाही. बहुतेक खुर्च्या काढलेल्या. झोपायला साधी गादी, स्वयंपाकघर म्हणजे मायक्रोवेव्ह आणि टोस्टर. जमिनीचे काही भाग पारदर्शक, खालचा सांगाडा दिसावा म्हणून. पंख म्हणजे अंगण. उन्हाळ्यात त्या पंखावर गाण्याचे कार्यक्रमही झालेत. अम्मीने सगळं निरखून विचारलं, "शेजारी कोण?" मी म्हटलं, "झाडं." ती गप्प झाली.

तिच्या त्या प्रश्नामागे आमची एक जुनी आठवण आहे. माझी बदली झाली तेव्हा नव्या शहरात आम्ही भाड्याचं घर शोधत होतो. एक फ्लॅट पसंत पडला, भाडं ठरलं, मालकांनी चहा पाजला. मग करारासाठी नाव सांगितलं. संध्याकाळी एजंटाचा फोन आला, "मॅडम, सोसायटीवाले नाही म्हणतात." असं तीन ठिकाणी झालं. हे वाचणाऱ्यांपैकी अनेकांना यात नवीन काही वाटणार नाही.

त्या रिकाम्या विमानात उभी असताना मी मनात खुर्च्या पुन्हा मांडून पाहिल्या. दीडशेच्या आसपास माणसं इथे बसत असतील. विमानतळावर आपलं नाव दोनदा तपासतात, कधी तीनदाही. पण एकदा आत जाऊन बसलं की शेजारच्याला फक्त सीट नंबर कळतो. कोपराला कोपर लागतो, कुणाची मान झोपेत आपल्या खांद्यावर येते, कुणाचं मूल रडतं, आणि आपण ते चालवून घेतो. इतक्या जवळ तर कुठल्याच सोसायटीत कुणी राहत नाही.

अनोळखी माणसाबरोबर दहा तास हवेत काढायला आपली हरकत नसते. जमिनीवर मात्र मधे विटांची भिंत असूनही त्याचं आडनाव लागतं.

कॅम्पबेल यांनी एकांत स्वतः निवडला, त्यांची हौस त्यांना लखलाभ. आम्हाला जंगल नको, विमानही नको. दुसऱ्या मजल्यावरचा दोन खोल्यांचा फ्लॅट पुरे. आणि बाजूच्या दारातून वाटीभर साखर मागायला येणारं कुणीतरी हवं.