पाण्यातली शिल्लक

पाणी नितळ दिसलं की डोळ्यांचं समाधान होतं. तळाच्या फरशीचा जोडन् जोड दिसतो, तिच्यावर उन्हाची जाळी हलते, आणि मुलं उडी मारायला निघतात. कर्जतला भावाच्या घरामागे पोहण्याचा छोटा तलाव आहे. मे महिन्यात सगळी भाचरं तिथे जमतात. "आत्या, झालं का?" असं त्यांचं टुमणं चालू असतं, आणि मी हात कोपरापर्यंत बुडवून, पाणी आत येतं त्या तोंडापासून लांबचं पाणी कुपीत भरून घेत असते.

त्यात क्लोरीन तपासायची डीपीडीची गोळी विरघळवायची. पाणी गुलाबी होतं. कधी जेमतेम, कधी थेट राणी रंगाचं. रंगपट्टीशी ताडून पाहिलं की आकडा कळतो. आर्थर पॅलिन या ब्रिटिश रसायनतज्ज्ञाने १९५७ साली ही पद्धत मांडली, आणि मला ती फार मोलाची वाटते. कारण आपण किती क्लोरीन टाकलं हे ती विचारतच नाही. जंतूंशी, घामाशी, पाचोळ्याशी झुंजून त्यातलं किती उरलं, तेवढंच सांगते.

भावाच्या तलावात चाळीस हजार लिटर पाणी मावतं. त्यात एक पीपीएम, म्हणजे लिटरमागे एक मिलिग्रॅम क्लोरीन, म्हणजे सगळं मिळून चाळीस ग्रॅम! एवढ्या मूठभर वस्तूवर सगळ्या पोरांची भिस्त. ती उडूनही किती लवकर जाते! वैशाखाच्या उन्हात, पाण्यात स्टॅबिलायझर नसेल, तर सकाळी घातलेलं बहुतेक क्लोरीन दोन-तीन तासांत नाहीसं होतं. म्हणून सकाळचा आकडा दुपारी धरून चालत नाही. शिवाय पीएच पाहायचा तो वेगळाच. साडेसातच्या आसपास निम्मं क्लोरीन जोमाने काम करतं; पीएच आठावर गेला की जेमतेम पाव हिस्सा. कुपी तेवढीच गुलाबी, पण पाण्यातला जोर ओसरलेला.

तलावावर येणारा तो उग्र वास अनेकांना स्वच्छतेची खूण वाटतो. मला तो वास आला की काळजी वाटते. घाम आणि लघवी यांच्याशी संयोग होऊन क्लोरीनचं क्लोरामाइन झालं की तसा वास सुटतो, डोळे चुरचुरतात. चांगल्या राखलेल्या पाण्याला वास जवळजवळ नसतोच.

बागेची देखभाल करणारे काका पूर्वी गावात जलसुरक्षक होते. विहिरीत टीसीएल म्हणजे ब्लीचिंग पावडर कालवून घालायची, अर्धा तास थांबायचं, मग ओटीचे म्हणजे ऑर्थोटोलिडिनचे थेंब पाण्याच्या नमुन्यात टाकून बघायचं. "पिवळं आलं की मगच बायकांना हंडे भरायला सांगायचो, ताई," असं ते सांगतात. अर्ध्या तासानंतर लिटरमागे अर्धा मिलिग्रॅम क्लोरीन उरावं, हा पिण्याच्या पाण्याचा हिशोब. पोहण्याच्या तलावात निदान एक पीपीएम, बहुधा एक ते तीन. ओटीचं रसायन विषारी असल्यामुळे ते तपासलेलं पाणी काका कधीच परत विहिरीत ओतत नसत. पावसाळ्यात गावातल्या घराघरांत जुलाबाची साथ शिरू नये म्हणून त्यांनी केलेलं हे काम कुणाच्या फारसं लक्षातही राहिलेलं नाही. ते राहायला हवं होतं.

एक गोष्ट मात्र प्रत्येक तलाववाल्याला माहीत हवी. कुपीतलं पाणी पांढरंच राहिलं तर क्लोरीन संपलंय असं समजून लगेच आणखी ओतू नका. क्लोरीन फार जास्त झालं, तरी ते डीपीडीचा गुलाबी रंगच खाऊन टाकतं. रंग क्षणभर उमटून विरला तर संशय घ्या. नमुन्यात क्लोरीन नसलेलं शुद्ध पाणी मोजून मिसळा आणि पुन्हा तपासा. मुदत संपलेल्या गोळ्याही खोटा आकडा दाखवतात. पाकिटावरची तारीख वाचा.

आणि आकडा बरोबर आला तरी एवढं ऐका. क्रिप्टोस्पोरिडियम नावाचा परजीवी नीट क्लोरीन असलेल्या पाण्यातही काही दिवस तग धरतो. ज्या मुलाला जुलाब होत असतील, त्याने कितीही हट्ट केला तरी त्याला पाण्यात उतरू देऊ नका.