पिवळे डोळे आणि हरवलेले आठवडे

दुकान बंद ठेवता येत नाही म्हणून दुखणे पुढे ढकलणे, हे आपल्या व्यापारी घरांच्या अंगवळणी पडले आहे. पित्त झाले की गल्ल्याजवळची गोळी घ्यायची आणि पुन्हा तराजूशी उभे राहायचे. बहुतेक वेळा ते निभावते. स्वादुपिंडाच्या कर्करोगात निभावत नाही.

जठराच्या मागे, पाठीच्या कण्यालगत असलेली ही ग्रंथी पाचक रस आणि इन्सुलिन तयार करते. ती इतकी खोल असते की तिथली गाठ सहसा हाताला लागत नाही आणि आरंभी दुखतही नाही. गोव्याचे मुख्यमंत्री मनोहर पर्रीकर फेब्रुवारी २०१८ मध्ये मुंबईत उपचारासाठी दाखल झाले. पुढे अमेरिकेतही उपचार झाले. तरी १७ मार्च २०१९ रोजी, वयाच्या ६३व्या वर्षी, याच आजाराने त्यांचे निधन झाले.

हा आजार आमच्या नात्यातही येऊन गेला. शहापूरचे माझे मामा पर्युषणात अठ्ठाई करीत. त्या वर्षी वजन उतरले ते तपामुळे, असे घरच्यांना वाटले. पारण्यानंतर दोन महिने झाले तरी अंग भरेना. आयुष्यात प्रथमच रक्तात साखर निघाली. मग डोळे पिवळे झाले. दुखत काहीच नव्हते; म्हणून मुरबाडकडून काविळीची माळ आली, झाडपाला झाला. कल्याणला सीटी स्कॅन होईपर्यंत पाच आठवडे गेले आणि रोग यकृतात पोहोचला होता.

पित्तनलिकेवर गाठीचा दाब पडला की अशी कावीळ होते. पन्नाशीनंतर न दुखता झालेली कावीळ, गडद लघवी, पांढरट शौच, अंगाला खाज. वजन घटत असताना नव्याने निघालेला मधुमेह. पोटातून पाठीकडे जाणारी, आडवे झाल्यावर वाढणारी कळ, यांपैकी काहीही दिसले तर त्याच आठवड्यात डॉक्टरांना दाखवावे. सोनोग्राफीत वायूमुळे स्वादुपिंड झाकले जाऊ शकते. म्हणून सीटी स्कॅन लागेल का, हे आपणहून विचारावे. धडधाकट माणसांसाठी सरसकट चाचणी नाही. घरच्यांची नजर हीच पहिली तपासणी. तंबाखूने धोका वाढतो. रोग पसरण्यापूर्वीची शस्त्रक्रिया हाच बरे होण्याचा खरा मार्ग, आणि निदानाच्या वेळी शंभरांतील पंधरा-वीस रुग्णांनाच ती शक्य असते.

आसनगावहून लोकलने किंवा मुरबाडहून कल्याणमार्गे परळचे टाटा मेमोरियल रुग्णालय एका दिवसात गाठता येते. त्या दिवसापुरते दुकान बंद राहिले तरी चालेल.