जामच्या दरवाज्याअलीकडे

इंदुराहून महेश्वरास जाण्याचे दोन मार्ग आहेत. आग्रा-मुंबई महामार्गाने मानपूर, गुजरी, धामनोद अशी गावे घेत जाणारा मार्ग रुंद आणि वर्दळीचा आहे. दुसरा महूची छावणी मागे टाकून बडगोंद्यावरून विंध्याच्या कडेपर्यंत जातो आणि जामच्या दरवाज्यापाशी एकदम निमाडात उतरतो. घाईच्या माणसाने पहिला धरावा. आम्ही दुसऱ्याचे पक्षपाती आहोत, आणि हा पक्षपात निव्वळ सृष्टिशोभेपोटी नाही.

अहिल्याबाईंनी १७६७ ते १७९५ अशी अठ्ठावीस वर्षे राज्य केले ते महेश्वरी नर्मदातीरी बसून. होळकरांची राजधानी इंदुरास आली ती १८१८ साली, त्यांच्या पश्चात. तेव्हा माळव्याच्या पठारावरून निघालेला स्वार असो, जासूद असो वा सारा भरावयास चाललेला पाटील असो, त्याला दरबार गाठण्यासाठी विंध्याची कड उतरावीच लागे. त्या उतरणीच्या माथ्यावर, माळवा संपतो आणि निमाड सुरू होते नेमक्या त्या ठिकाणी, १७९१ साली बाईंच्या कारकिर्दीत हा दरवाजा उभा राहिला. काळसर दगडाची भक्कम वास्तू, मध्ये उंच कमान, आणि कमानीपलीकडे जमीनच नाही असा भास. पाठीमागे पडलेला पावसाचा थेंब चंबळ-यमुनेच्या वाटेने गंगेस मिळावयाचा, आणि पुढे पडलेला नर्मदेच्या ओटीत जावयाचा, अशी ही धार आहे. इंदूर समुद्रसपाटीपासून सुमारे साडेपाचशे मीटर उंचीवर वसले आहे. महेश्वराचा घाट त्याहून सुमारे चारशे मीटर खाली. हा सारा फरक येथील नागमोडी वळणांवर थोडक्यात भरून काढावा लागतो. श्रावण-भाद्रपदात ढग दरवाज्याच्या खाली असतात. रविवारी अर्धे इंदूर भुट्टे खावयास तेथे लोटते, त्याबद्दल न बोललेले बरे.

या वाटेने जाताना आम्हांस नेहमी जुन्या बैलगाड्यांच्या चाकांची आठवण होते. लाकडी चाकावर लोहार लोखंडी धाव चढवीत असे. भट्टीत लालभडक तापवून ती चाकावर बसवावयाची आणि वर पाण्याची घागर ओतावयाची; निवताना ती आवळे आणि आरे, तुंबा सारे एकजीव होई. धाव सैल झाली की खुळखुळ वाजे, आणि तो आवाज गाडीवानालाच नव्हे तर वाटेवरच्या साऱ्यांना ऐकू जाई. चाकाचे दुखणे झाकून गाडी विकणे त्या काळी फार कठीण गेले असेल. रबराच्या चाकाची गोष्ट निराळी आहे. त्याला एक बाजू जगासाठी असते आणि दुसरी गाडीच्या पोटाकडे वळलेली असते. ही दुसरी बाजू पाहण्याचा योग आम्हांस जामच्या दरवाज्याच्या अलीकडे, बडगोंदा ओलांडल्यावर आला.

आमच्या आत्याबाईंचे वय ८४. बसच्या पायऱ्या त्यांच्या गुडघ्यांना झेपत नाहीत, आणि २०२५ साली अहिल्याबाईंच्या जन्माला तीनशे वर्षे पूर्ण होत असताना आपण महेश्वरी जाऊन माईच्या पाण्यात पाय बुडवावेत, असा त्यांचा ध्यास. त्या निमित्ताने आम्ही एक जुनी लहान मोटार घेतली. गाडी २०१७ सालची, सुमारे चोपन्न हजार किलोमीटर चाललेली. ओळखीच्या मिस्त्रीने इंजिन कान लावून ऐकले, क्लच पाहिला, चेसिसचा क्रमांक नोंदणीपत्रकाशी ताडला. टायर काळेभोर होते, त्यांवरची नक्षी खोल होती, आणि विक्रेत्याने सहीनिशी दिलेल्या तपासणीपत्रकात ‘चारही टायर मूळचे’ असे स्वच्छ अक्षरांत लिहिलेले होते. मार्गशीर्षातल्या एका सकाळी सौभाग्यवती, आत्याबाई आणि आम्ही निघालो.

महूपर्यंत काही जाणवले नाही. महू म्हणजे आता सरकारदरबारी डॉ. आंबेडकर नगर, बाबासाहेबांचा जन्म १८९१ साली येथील छावणीत झाला. आत्याबाईंनी स्मारकाच्या दिशेने हात जोडले आणि आम्ही पुढे निघालो. छावणीचे सरळ रस्ते संपल्यावर मात्र स्टिअरिंग हाताला बारीक कंप देऊ लागले. पन्नासच्या वेगाला तो वाढे, तिसाच्या खाली नाहीसा होई. रस्ता तर गुळगुळीत. बडगोंद्याच्या पुढे एक टपरी दिसली, तिच्यासमोर ट्रकचा टायर जमिनीत अर्धा पुरून त्यावर चुन्याने ‘पंक्चर’ लिहिलेले. हवा पाहून घ्यावी म्हणून आम्ही थांबलो.

टपरीवाला साठीचा, किरकोळ अंगाचा गृहस्थ होता. हवा तपासण्याआधी त्याने आम्हांस गाडी चार पावले पुढे-मागे करावयास सांगितले आणि आपण उकिडवा बसून चाके पाहत राहिला. मग पुढच्या डाव्या बाजूस जॅक लावून चाक अधांतरी केले, हाताने गरकन फिरविले, आणि टायरच्या आतल्या अंगावर तळवा टेकवून ठेवला. वैद्याने नाडी पाहावी तसा तो डोळे मिटून बसला होता. एका फेऱ्यात त्याचा हात थबकला. त्याने आमचा हात धरून त्या जागी नेला. अर्ध्या लिंबाएवढा मऊ फुगवटा बोटांना लागला.

“बाबूजी, इसको लेकर घाट मत उतरना,” एवढेच तो बोलला आणि नटांना पाना लावू लागला.

चाक काढून त्याने आतली बाजू वर करून मातीत ठेवले. बाहेरून ज्या टायरला आरशासारखी चकाकी आणली होती, त्याच्या आतल्या अंगाला उन्हाळ्यात तळ्याच्या गाळाला पडतात तशा बारीक भेगा पडलेल्या होत्या. रबराच्या पोटात धाग्यांचे थर असतात. हवेचा सारा जोर ते धागे पेलतात, रबर केवळ त्यांचे आवरण. खड्ड्याच्या धारदार कडेवर चाक आदळले की कधी कधी आतले धागे तुटतात आणि वरचे रबर शाबूत राहते. मग तुटलेल्या जागी हवा रबराला बाहेर ढकलते आणि असे गळू येते. त्याला ठिगळ लागत नाही, की औषध चालत नाही. सपाट रस्त्यावर ते महिनोन् महिने तग धरील, पण उतारावर पुढच्या चाकांवर गाडीचा भार येतो, वारंवार ब्रेक दाबल्याने चाके तापतात, आणि ते केव्हा फुटेल याचा नेम नसतो. हे सारे त्याने आपल्या माळवी हिंदीत, हातातल्या पान्याने दाखवीत, मोजक्या शब्दांत सांगितले. शिकविण्याची अशी हातोटी आम्ही प्रशिक्षण महाविद्यालयांतही क्वचितच पाहिली आहे.

त्यानंतर त्याने ओल्या फडक्याने रिमजवळची जागा पुसली आणि लहानशा लंबवर्तुळातले चार अंक आम्हांस वाचावयास सांगितले. १११४. हा टायरचा जन्मदाखला होय. पहिले दोन अंक आठवड्याचे, पुढचे दोन सालाचे. म्हणजे २०१४ सालचा अकरावा आठवडा, मार्च महिना. पुष्कळ टायरांवर हे चार अंक एकाच बाजूला असतात. ती बाजू आत वळवून बसविली की बाहेरून पाहणाऱ्याला टायरचे वय कळावयास मार्गच उरत नाही.

गाडी २०१७ सालची आणि तिचा ‘मूळचा’ टायर २०१४ सालचा! आत्याबाई आतापर्यंत मागच्या आसनावर जप करीत होत्या. त्यांनी काचेतून डोके बाहेर काढून विचारले, “म्हणजे लेकरू आईपेक्षा मोठं निघालं म्हणायचं?” टपरीवाल्याला मराठी येत नसावी, पण सौभाग्यवतींचे हसू पाहून तोही हसला. बाकीची तीन चाके त्याने अशीच तपासली. ती खरोखर २०१७ सालची निघाली. कोणाच्या तरी भंगारातले एक चाक, बहुधा मूळचे निकामी झाल्यावर, आमच्या गाडीच्या पुढच्या डाव्या अंगाला चढले होते, आणि आत्याबाई नेमक्या त्याच बाजूला बसल्या होत्या.

डिकीतली स्टेपनी बाहेर निघाली. (हा शब्द मोठा प्रवासी आहे. वेल्समधील लनेथली गावात स्टेपनी नावाची गल्ली आहे. तेथील दोघा बंधूंनी विसाव्या शतकाच्या आरंभी जादा चाकाचा धंदा काढला. इंग्रजांच्या देशात हा शब्द मागे पडला, आपल्याकडे मात्र खेड्यातल्या पोरालाही तो ठाऊक आहे.) स्टेपनी गाडीबरोबरची, जमिनीला बहुधा एकदाही न लागलेली, तिच्यावरचे रबराचे बारीक केसही शिल्लक होते. परंतु न वापरलेले रबरही वर्षांगणिक कडक होतच असते. टपरीवाल्याने ती नखाने दाबून पाहिली आणि महूपर्यंत जाण्यास ठीक आहे, घाटासाठी नाही, असा निर्वाळा दिला. त्याच्या टपरीत आमच्या मापाचे दोन-तीन जुने टायर टांगलेले होते. त्यांतला एक द्या, असे आम्ही सुचविले. त्याने मान हलविली. गावातल्या गावात फिरणाऱ्याला तो ते विकतो; घाट उतरणाऱ्याला, तेही म्हातारे माणूस बरोबर असताना, विकणार नाही. पन्नास रुपये मजुरी घेतली आणि नको म्हटले तरी चहा पाजला.

आता प्रश्न आत्याबाईंचा होता. जामचा दरवाजा फार दूर नव्हता, त्याखाली निमाड आणि निमाडात माई. या वयात मागे फिरणे म्हणजे पुन्हा येणे होईलच असे नाही, हे त्या बोलल्या नाहीत, पण त्यांच्या हातातली माळ थांबली होती. दुपार कलू लागली होती. सौभाग्यवतींनी त्यांच्या खांद्यावर शाल नीट केली आणि म्हणाल्या, “आत्या, माई कुठं जात नाही. आपण धड पोहोचलो पाहिजे.” गाडी महूकडे वळली. त्या परतीच्या वाटेवर कोणी फारसे बोलले नाही.

महूच्या बाजारात पुढच्या चाकांसाठी नव्या टायरांची जोडी घेतली, ६,८०० रुपये पडले. दुकानदाराने चार अंक आम्ही विचारण्याआधीच दाखविले. टायर त्याच वर्षीचे होते. चाकांचा तोल साधून, संरेखन करून निघेपर्यंत तीन वाजले. जुना टायर आम्ही डिकीत ठेवून घेतला.

जामच्या दरवाज्याशी पोहोचलो तेव्हा ऊन पिवळे झाले होते. ज्या गिअरने चढावे त्याच गिअरने उतरावे, हा जुन्या ड्रायव्हर लोकांचा दंडक आहे. तो पाळून दुसऱ्या गिअरमध्ये सावकाश खाली आलो. हात स्टिअरिंगवर निवांत होते. वळणावळणाला सागाची पाने कमी झाली, हवा ऊबदार झाली, कापसाची शेते लागली. मंडलेश्वर ओलांडून महेश्वरी पोहोचलो तो दिवेलागणीची वेळ. राजराजेश्वराच्या मंदिरात अकरा नंदादीप अखंड तेवत असतात, त्यांचे दर्शन घेऊन अहिल्या घाटाच्या पायऱ्या उतरलो. वाड्याच्या भिंतीखाली माई काळी-निळी होऊन वाहत होती. आत्याबाई शेवटच्या पायरीवर बसल्या, पाय पाण्यात सोडले, आणि बऱ्याच वेळाने म्हणाल्या, “पाणी अजून कोमट आहे.”

परतल्यावर तो टायर घेऊन आम्ही विक्रेत्याच्या अंगणात गेलो. प्रथम त्यांनी टायर, बॅटरी आणि ब्रेकचे लायनर हमीत येत नाहीत, असा कागद पुढे केला. नंतर त्यांच्या माणसाने नक्षीची खोली मोजून दाखविली, कायद्याने १.६ मिलिमीटर पुरे, येथे तर पाच आहे. आम्ही त्यांचेच तपासणीपत्रक उघडून ‘चारही टायर मूळचे’ या ओळीवर बोट ठेवले, आणि दुसरे बोट १११४ वर. १ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्यांना परिवहन खात्याचे अधिकारपत्र घ्यावे लागते; ते भिंतीवर चौकटीत लावलेले होते. गाडी कोणाच्या ताब्यात आहे याचा हिशेब त्या नियमांनी पक्का झाला, हे चांगलेच झाले, पण चाकाच्या आतल्या अंगाला काय आहे ते पाहणारा डोळा त्यातून येत नाही. लिहून दिलेल्या खोट्या ओळीबद्दल ग्राहक मंचाकडे जाता येते, हे आम्ही आवाज न चढविता बोललो. थोडा वेळ पंख्याचा आवाज ऐकू येत राहिला. मग एका टायरची किंमत, ३,४०० रुपये, त्यांनी मोजून दिली. आम्ही पावती मागितली, तीही दिली.

“हा जुना इथंच राहू द्या,” ते टायरकडे हात करून म्हणाले.

आम्ही तो उचलून पुन्हा डिकीत ठेवला. अंगणात आणखी अकरा गाड्या उभ्या होत्या, त्यांचे टायर उन्हात चकाकत होते.

माघात पुन्हा त्या वाटेने जाणे झाले तेव्हा तो टायर बडगोंद्यापुढच्या टपरीवर नेऊन दिला. त्याने काही न विचारता लोखंड कापावयाची करवत काढली. अर्धा तास लागला. रबर सहज कापले गेले, आतल्या पोलादी तारांनी दोन पाती मोडली. दोन अर्धुके झाल्यावर त्याने ती टपरीसमोर रस्त्याच्या कडेला ट्रकच्या टायराशेजारी पुरली, वर चुना फासला, आणि हात पुसत म्हणाला की आता म्हशी आत येणार नाहीत.