एकवीस दिवसांचं इंजेक्शन

परवा लेकीचा घसा दुखायला लागला आणि मी लगेच तिला डॉक्टरांकडे नेलं. ते हसले. नाक गळतंय, खोकला आहे, म्हणजे बहुतेक व्हायरस, अँटिबायोटिक नको म्हणाले. बरोबरच आहे हो. पण आमच्या घरात घसा म्हटला की माईआत्या आठवते.

आत्या लालबागच्या चाळीत वाढली. एक खोली, नऊ माणसं. स्ट्रेप्टोकोकस नावाच्या जंतूला याहून चांगली सोय कुठली? एकाच्या खोकल्यातून दुसऱ्याच्या घशात. बहुतेकांचा घसा आठवड्यात बरा होतो. काही मुलांचे मात्र, साधारण पाच ते पंधरा या वयात, दोन-तीन आठवड्यांनी सांधे सुजतात, ताप येतो. जंतूशी लढता लढता शरीर स्वतःच्याच हृदयाच्या झडपांवर उलटतं.

१९६४ साली आत्याचे गुडघे सुजले. ती दहा वर्षांची होती. आजीने निर्गुडीने शेकलं आणि गुडघे बरे झालेही! खरी फसवणूक इथेच होते.

दुसऱ्यांदा ताप आला तेव्हा निदान झालं. मग दर एकवीस दिवसांनी पेनिसिलिनचं इंजेक्शन, पुन्हा संसर्ग होऊन झडपेवर नवा घाव पडू नये म्हणून. भयंकर दुखायचं. आजोबा कॅलेंडरवर खुणा करायचे. आत्याचं लग्न ठरलं आणि खुणा थांबल्या. सासरी कळलं तर?

पहिल्या खेपेला सातव्या महिन्यात तिला आडवं पडवेना. धाप लागायची. गरोदरपणात अंगातलं रक्त वाढतं, आणि तिची झडप तर अरुंद झालेली. आत्या वाचली. बाळ नाही.

घशाच्या संसर्गावर वेळेत पेनिसिलिन दिलं तर हा ताप टळतो, हे १९५० च्या सुमारास अमेरिकेत वायोमिंगमधल्या हवाई दलाच्या तळावर दिसून आलं होतं. (तिथेही पोरं बराकीत दाटीवाटीनेच राहायची.) आणि तिकडे तर हा आजार औषधाच्याही आधीपासून ओसरत होता, घरातली गर्दी कमी झाली, राहणीमान सुधारलं म्हणून. जागतिक आरोग्य सभेने यावर ठराव केला तो २०१८ साली! असो.

आजी शेवटपर्यंत म्हणायची, "मला वाटलं, वाढीचं दुखणं." त्यावर आत्या कधी काही बोलली नाही.

लेक आता बरी आहे. आत्याचे दोन फोन येऊन गेले. "गुडघे दुखतात का, ते विचार तिला," म्हणाली. "आणि तीन आठवडे लक्ष ठेव."