ओके, रिवर्क, रिजेक्ट

गणपतीच्या आधीची साफसफाई म्हणजे आमच्या घरात दरवर्षीचा भूकंप. नालासोपाऱ्याच्या वन बीएचकेमधलं सगळं सामान या भिंतीवरून त्या भिंतीला जातं आणि दरवेळी काहीतरी फुटतंच. गेल्या वर्षी फुटलं काही नाही. फक्त कपाटाच्या वरच्या खणातून पत्र्याची एक चपटी गोल डबी निसटली, झाकण उडालं, आईच्या तोंडून "अगं बाई!" निघालं आणि पुढची काही सेकंदं घरात गारा पडल्यासारखा आवाज झाला.

मी किचनमधून किंचाळले, "कुणीही पाय हलवू नका!"

आता तुम्ही म्हणाल, एवढं काय झालं? छर्रेच ना? झाडू घ्या, सुपलीत भरा, परत डबीत टाका. आईचंही तेच म्हणणं होतं. तिच्या हातात झाडू होताच! पण बॉस, ते साधे छर्रे नव्हते. तो माझा लॉट होता. आणि मॅचला उरले होते अठरा दिवस.

सुरुवातीपासून सांगते. मी लोअर परळला एका इन्शुरन्स कंपनीच्या बॅक ऑफिसमध्ये आहे. दिवसभर क्लेमचे फॉर्म तपासायचे आणि संध्याकाळी, बॉसची कृपा झाली तर, वरळीच्या रेंजवर जायचं. दहा मीटर एअर पिस्तूल. मनू भाकरनं २०२४ मध्ये पॅरिसला ज्यात ब्राँझ मिळवलं, तोच प्रकार. पंचाहत्तर मिनिटांत साठ शॉट. टार्गेटवरचं दहाचं वर्तुळ साडेअकरा मिलीमीटरचं, म्हणजे शर्टाच्या बटणाएवढं. पिस्तूल सेकंडहँड, एका सीनियर मुलीकडून घेतलेलं. चौदा महिने हप्ते भरले, तेव्हा ते माझं झालं. त्या चौदा महिन्यांत आईनं तीन स्थळं आणली आणि तिन्ही वेळा "मुलगी काय करते?" या प्रश्नाला नुसतं "नोकरी" असं उत्तर दिलं.

तिचंही चूक नाही म्हणा. २०१८ च्या ऑगस्टमध्ये एटीएसनं आमच्या नालासोपाऱ्यातून बॉम्ब आणि स्फोटकं पकडली. तेव्हापासून 'नालासोपारा' आणि 'पिस्तूल' हे शब्द एका वाक्यात आले की समोरचा जरा सरसावून बसतो. आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरींनी तर मला खास बोलावून विचारलं होतं. विरारहूनच भरून आलेल्या लेडीज डब्यात मी ती काळी पेटी छातीशी धरून शिरते, तेव्हा बायकांना वाटतं व्हायोलिन असेल. मी वाटू देते. स्वप्नील कुसाळेला पॅरिसमध्ये रायफलचं ब्राँझ मिळालं, तेव्हा मात्र आठवडाभर मी खरं सांगितलं. तो तेव्हा रेल्वेत टीसी होता हे कळल्यावर डब्यात जो आनंद झाला, तो काही औरच!

तर छर्रे. रेंजवर आम्ही त्यांना पेलेट म्हणतो. साडेचार मिलीमीटरचा, अर्धा ग्रॅमचा शिशाचा तुकडा. पुढचं डोकं सपाट, कंबर बारीक आणि मागे पोकळ घागरा. डोकं सपाट का? तर कागदाला पंच मारल्यासारखं स्वच्छ गोल भोक पडावं म्हणून. भोक फाटलं तर दहा की नऊ, यावरून भांडणं. घागरा पातळ का? तर मागून हवेचा दाब आला की तो फुलून नळीला घट्ट बसावा म्हणून. हा घागरा इतका नाजूक की बोटानं दाबला तरी दबतो. फरशीवर पडला तर विचारूच नका.

डब्यांवर डोक्याचा साइज लिहिलेला असतो, ४.४९ किंवा ४.५०. म्हणजे मिलीमीटरच्या शंभराव्या भागाचा फरक. त्याखाली लॉट नंबर. एकाच कंपनीचे, एकाच साइजचे दोन लॉट एकाच पिस्तुलातून वेगळे जातात, यावर माझा आधी विश्वास नव्हता. मग मी स्टेटला एका गुणानं क्वालिफाय व्हायची राहिले. एका! दोन महिने झोपताना तोच एक गुण दिसायचा. आणि अशा वेळी माणूस काय करतो? सामानाला दोष देतो. २०२१ मध्ये टोकियोत मनूचं पिस्तूल ऐन मॅचमध्ये बिघडलं होतं, मग माझे छर्रे का नाही बिघडलेले असणार?

हे मी रेंजवरच्या काकांना सांगितलं. काका सत्तरीचे. एअर पिस्तुलाला ते 'पिचकारी' म्हणतात, कारण त्यांची सगळी हयात सेंटर फायरमध्ये गेली. सेंटर फायर म्हणजे मोठ्या बोअरचं पिस्तूल, पॉइंट थ्री टू. पंचवीस मीटरवरून तीस शॉट सावकाश आणि तीस शॉट फटाफट. याच प्रकारात मुंबईच्या अशोक पंडितांनी १९९० मध्ये ऑकलंडच्या कॉमनवेल्थला गोल्ड आणलं आणि जसपाल राणानं २००६ मध्ये दोहा एशियाडला सहाशेपैकी ५९० मारले. काका या दोघांबद्दल असे बोलतात, जसे आपले बाबा लोक गावसकरबद्दल.

"तुमचं बरंय," काका म्हणाले. "डबी उघडली की झालं. परदेशातले मोठ्या बोअरवाले तर स्वतःचं काडतूस स्वतः भरतात. हँडलोड म्हणतात त्याला."

मग त्यांनी मला हँडलोडची कथा सांगितली. एकदा उडालेली पितळी पुंगळी फेकायची नाही. ती साफ करून परत मापात आणायची, तळाला नवी टोपी बसवायची, मोजून दारू भरायची आणि वर सपाट तोंडाची शिशाची गोळी दाबायची. हिला वॅडकटर म्हणतात. कागदाला पंच मारायचं हिचं तत्त्व अगदी माझ्या छर्ऱ्यासारखंच. वेग महत्त्वाचा नाही. कागदाला काय, भोक पडलं की पुरे. महत्त्वाचं काय, तर पहिलं काडतूस आणि साठावं काडतूस जुळ्या भावांसारखं असलं पाहिजे. माणसं यासाठी वर्षानुवर्षं वह्या लिहितात, दारू बदलून बघतात, गोळी बदलून बघतात आणि शेवटी एका भरणीवर जीव जडतो. ती त्यांची फेव्हरिट. मग बायकोलाही हात लावू देत नाहीत.

आपल्याकडे हा उद्योग घरी करता येत नाही. १९५९ च्या शस्त्र कायद्यानुसार लायसन्सशिवाय दारूगोळा बनवणं हा गुन्हाच. (आणि आमच्या सेक्रेटरींचा चेहरा डोळ्यांसमोर आणा!) मग काकांच्या पिढीनं काय केलं? मिळेल त्या खोक्यांतून निवड केली. नवीन खोकं आलं की दहा काडतुसं मारून बघायची. चांगलं निघालं तर खोक्यावर पेन्सिलीनं फुली मारायची आणि मॅचसाठी लपवून ठेवायचं. वाईट निघालं तर प्रॅक्टिसला.

"आपलं हँडलोड म्हणजे निवड," काका म्हणाले. "चल, तुझ्या पिचकारीची निवड करू."

एका शनिवारी आम्ही पिस्तूल शिकंज्यात आवळलं. माझा हात नाही, माझा श्वास नाही, बॉसची आठवण नाही. नुसतं पिस्तूल आणि छर्रा. चार डब्या होत्या. दोन जर्मन, एक चिनी, एक देशी. प्रत्येकीतले दहा-दहा शॉट एकाच जागी. मग प्रत्येक कागदावरचं भोक मोजायचं, एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत. सगळ्यात वाईट डबीचं भोक निघालं साडेनऊ मिलीमीटर. सगळ्यात चांगलीचं, ४.४९ वाल्या जर्मन डबीचं, सहाच्या आत. जणू एकाच भोकातून दहा छर्रे गेले होते. काकांनी तो कागद उजेडाकडे धरला आणि "वाहवा!" म्हणाले, जसं गाणं ऐकल्यावर म्हणतात.

आता गंमत बघा. दहाचं वर्तुळ साडेअकराचं. म्हणजे माझी सगळ्यात वाईट डबीसुद्धा सगळे दहा मारू शकत होती. काका काही बोलले नाहीत. मीही नाही. पण त्या संध्याकाळी परतीच्या विरार फास्टमध्ये, भाईंदरची खाडी येईपर्यंत माझ्या लक्षात आलं होतं की तो एक गुण कुठे गेला.

तरीही मी त्या लॉटच्या आठ डब्या उचलल्या. अर्धा पगार! का, ते तार्किकदृष्ट्या सांगता येणार नाही. एवढंच की आता शॉट नऊवर गेला तर दोष द्यायला कुणी उरलं नव्हतं, आणि त्यानं विचित्र शांत वाटत होतं. सहा महिने रोज रात्री, भांडी झाल्यावर, हॉलच्या पांढऱ्या भिंतीकडे रिकामं पिस्तूल धरून मी ट्रिगर दाबत राहिले. पावसाळ्यात शिशावर पांढरी भुकटी धरते, म्हणून डब्या तांदळाच्या पिंपाजवळ ठेवल्या होत्या. आईला कळल्यावर दहा मिनिटांत त्या कपाटावर गेल्या आणि "शिसं हाताळलंस की साबणानं हात धुतल्याशिवाय किचनमध्ये यायचं नाही" असा नियम झाला. बरोबरच आहे म्हणा. सात डब्या प्रॅक्टिसमध्ये संपल्या. आठवी मॅचसाठी ठेवली होती. दुकानदाराकडे तो लॉट संपलेला.

आणि तीच आठवी डबी आता सोफ्याखाली, फ्रिजखाली, गणपतीच्या मखराच्या थर्माकोलमध्ये पसरली होती.

मी रडले. उगाच खोटं कशाला सांगू. आई झाडू घेऊन तशीच उभी होती. तेव्हा बाबा खुर्चीतून उठले. बाबांनी वसईच्या वालीवमधल्या एका छोट्या कारखान्यात तीस वर्षं इन्स्पेक्शन केलं. सतत लोकांचे पार्ट नापास करणारा माणूस. माझ्या शूटिंगवर त्यांचं एकच मत होतं, 'खर्चिक'. त्यांनी गुडघ्यावर बसून एक छर्रा उचलला, चष्मा कपाळावर सरकवला आणि विचारलं, "टॉलरन्स काय याचा?"

रात्री अकराला टीव्हीच्या टेबलाची काच काढून जमिनीवर ठेवली गेली. मी मायक्रोमीटर आणायला निघाले तर म्हणाले, "नको. शिसं मऊ आहे, मायक्रोमीटरनंच दबेल." छर्रा काचेवर हलकेच लोटायचा. त्याचा घागरा डोक्यापेक्षा किंचित मोठा, त्यामुळे तो सरळ न जाता वळसा घेतो. चांगला असेल तर वळसा गुळगुळीत. दबलेला असेल तर लंगडतो. संशय आला तर भिंगाखाली. आई बोटानं एकेक लोटत होती, बाबा बघत होते, मी मोजत होते. सापडले ४१८. पहाटे पावणेतीनला औषधाच्या तीन रिकाम्या बाटल्यांवर बाबांच्या कारखान्यातल्या अक्षरात चिठ्ठ्या चिकटल्या: ओके २९१, रिवर्क ७४, रिजेक्ट ५३.

"रिवर्क कसं करणार?" मी विचारलं.

"ते बघू. लगेच रिजेक्ट नाही करायचं."

पुढच्या शनिवारी काकांनी पुन्हा शिकंजा लावला. ओके बाटली, सहाच्या आत. रिवर्क बाटली, सहाला टेकलेली. फक्त रिजेक्टमधला एक छर्रा भलतीकडे गेला. म्हणजे बाबांनी पहाटेपर्यंत वेगळे केलेले ते ७४ तसेही चालले असते. काका हसले. मी कागद घडी करून पर्समध्ये ठेवला.

स्टेटला ओकेच्या बाटलीतलेच नेले, सराईसाठीचे धरून नव्वद. दुसऱ्या सीरीजमध्ये एक आठ गेला, तो माझाच. क्वालिफाय झाले, चार गुण वर. घरी फोन केला तर आईनं आधी "जेवलीस का?" विचारलं आणि मग फोन बाबांना दिला.

"किती रिजेक्शन आलं?" बाबा.

"शून्य," मी म्हणाले.

पर्समधल्या कागदाबद्दल त्यांना अजून सांगितलेलं नाही. नव्या लॉटच्या चार डब्या परवाच आल्यात. त्या उघडायला मला परवानगी नाही. काच आधीच काढून ठेवली आहे.